मिंटाची सरकी

मिसिसिपी नदीच्या काठी, हार्ग्रोव्हच्या मळ्यातल्या कपाशीवर ज्या वर्षी कुजवा आला, त्या वर्षी मिंटा बावीस-तेवीस वर्षांची होती. हिरवी बोंडं झाडावरच काळी पडून गळायला लागली. ऐंशी गुलामांनी राबून उभं केलेलं पीक महिन्याभरात सडून गेलं. त्या काळजीने धन्यांना जेवण जाईना, असं सगळे सांगत. गुलामांचं जेवण कधीच निम्म्यावर आलं होतं, पण ते कोण सांगणार?

त्या सडक्या वावरात, कडेच्या धुऱ्याला लागून, मिंटाला एक झाड ताठ उभं दिसलं. त्याची बोंडं नेहमीसारखी अर्धमिटली नव्हती, चांगली उलगडली होती. बोट घातलं की सगळा कापूस एका ओढीत हातात येत होता आणि टरफल नखात घुसत नव्हतं. तिने त्या झाडाची सरकी हाताने सोलून डोक्याच्या फडक्यात बांधली आणि खोपटामागच्या वाफ्यात, रताळ्यांच्या मधोमध लावली.

पुढची चार वर्षं ती तेच करत राहिली. शंभर झाडांतली पाच ठेवायची, बाकीची चुलीत घालायची. बरोबर लेक असायची, टेंपी. टेंपीचा बाप ती रांगत होती तेव्हाच व्यापाऱ्याला विकला गेला होता. तो कुठल्या दिशेला गेला तेवढंही मिंटाला कोणी सांगितलं नव्हतं. मग मायलेकी दोघीच वाफ्यात वाकलेल्या.

"बोंड मोठं दिसलं की भुलायचं नाही," मिंटा सांगायची. "आधी झाड बघ. पावसात पडलं होतं का? पानं कुरतडली होती का? मग मधल्या फांदीचं बोंड घे. शेंड्याचं नको."

"आणि सरकी?"

"दाताखाली धर. कट्ट वाजली तर ठेव."

पाचव्या वर्षी धन्यांच्या लक्षात आलं. संध्याकाळी काट्यावर सगळ्यांचा कापूस साठ-सत्तर रत्तल भरायचा. त्या वर्षी मिंटाला मुकादमाने तिच्या वाफ्याशेजारच्या ओळी दिल्या होत्या, तिथे तिने आपलीच सरकी टाकली होती, आणि तिचं पोतं दीडशेच्या वर गेलं. मुकादमाला वाटलं हिने दगड भरलेत. त्याने पोतं उपडं केलं. निघाला तो स्वच्छ कापूस.

दुसऱ्या दिवशी हार्ग्रोव्ह धनी स्वतः वाफ्यावर आले. झाडं हाताळली, बोंडं उलगडून बघितली आणि म्हणाले, "सगळ्या मळ्याला पुरेल एवढी सरकी करून दे. तुला काय हवं?"

मिंटाच्या तोंडून विचार न करताच निघून गेलं, "टेंपीला विकू नका, धनी. कधीच नाही."

"नाही विकणार," ते म्हणाले आणि त्यांनी डोक्यावरची टोपी काढली. "माझा शब्द."

गोऱ्या माणसाने आपल्यापुढे टोपी काढलेली मिंटाने आयुष्यात पाहिली नव्हती. आपण स्वतःसाठी काही मागितलं नाही हे तिच्या उशिरा ध्यानात आलं, पण त्याचं तिला वाईट वाटलं नाही. शेजारच्या खोपटातली म्हातारी फिबीमावशी मात्र ऐकून हसली.

"टोपी काढली? मग परत घालायला त्याला कितीसा वेळ लागतोय?"

"तू प्रत्येकाचं वाईटच बघतेस, मावशी."

"नाही गं. वाईटाला माझं घर ठाऊक आहे, एवढंच."

तीन वर्षांत सगळा मळा मिंटाच्या सरकीचा झाला. मग शेजारचे मळेवाले गाड्या घेऊन यायला लागले. पोत्यांवर रंगाने लिहिलं जायचं, 'हार्ग्रोव्ह सरकी'. मिंटाला अक्षर येत नव्हतं; कापसातून सरकी काढायच्या रेच्यावर काम करणाऱ्याने तिला ते वाचून दाखवलं. ती नुसती 'हं' म्हणाली. नाव कोणाचं का असेना, टेंपी घरात आहे ना!

पण मळा बदलत चालला होता. बोंडं सहज निघतात म्हटल्यावर प्रत्येकावर दीडशे रत्तलांची सक्ती आली. कमी भरलं की चाबूक. मक्याची शेतं नांगरून तिथे कपाशी लागली. मका आणि खारवलेलं डुकराचं मांस आता वरच्या मुलखातून आगबोटीने यायचं आणि मोजून मिळायचं. शेवटी खोपटांमागचे वाफेही गेले. आपण पिकवलेलं रताळं खायची मळ्यावरच्यांची सोय संपली.

"मिंटे, तुझ्या बोंडांनी आमची बोटं खाल्ली बघ," वेचणीच्या ओळीतून कोणीतरी म्हणायचं. हसून म्हणायचं, पण पुढच्या ओळीतलं कोणी हसायचं नाही. मिंटा मान खाली घालून वेचत राहायची.

नदीच्या वरच्या अंगाला तिथल्या मूळच्या चोक्टॉ लोकांना त्यांच्या जमिनीवरून हुसकून लावलं होतं. तिथलं जंगल तोडून नवे मळे पडत होते. तिकडे दोनच गोष्टींची ओरड होती, चांगली सरकी आणि राबणारे हात. या काठावरून दोन्ही गोष्टी बोटीत चढायच्या.

टेंपी अठरा वर्षांची झाली त्या वर्षी धन्यांच्या मुलीचं, लुईझाचं लग्न ठरलं. जावयाने वरच्या अंगाला मोठी जमीन घेतली होती. लग्नाच्या आधी तो मळा बघायला आला तेव्हा सरकीच्या खोलीत मिंटा आणि टेंपी निवड करत बसल्या होत्या. त्याने विचारलं, "हे काम तुझ्याशिवाय कोणाला जमतं का?"

मिंटाला अभिमान वाटला. "माझ्या टेंपीला जमतं, साहेब. माझ्यापेक्षाही बारीक नजर आहे तिची."

ही दोन वाक्यं पुढे तिने किती वेळा गिळायचा प्रयत्न केला असेल, देव जाणे.

लग्नानंतर चौथ्या दिवशी मुकादमाने टेंपीला गाठोडं बांधायला सांगितलं. मिंटा तशीच, सरकीने माखलेल्या हातांनी मोठ्या घराच्या ओट्याशी गेली.

"धनी, तुम्ही शब्द दिला होता."

हार्ग्रोव्ह न्याहारी करत होते. त्यांनी रुमालाने तोंड पुसलं. "दिला होता आणि पाळलाही. टेंपीला मी विकलेलं नाही. लुईझाला आंदण दिलीय."

"आंदण?"

"घरातल्या घरातच राहणार ती. तुला तर बरं वाटायला हवं."

चिडायचं, रडायचं, पाय धरायचे, ते सगळं मिंटाला माहीत होतं. पण हा माणूस खरंच स्वतःला शब्दाचा पक्का समजतो, हे तिला त्याच्या डोळ्यांत स्पष्ट दिसलं. त्यावर काय करायचं ते तिला ठाऊक नव्हतं.

धक्क्यावर आधी सरकीची चाळीस पोती चढली, मग माणसं. टेंपी फळीवरून ओरडली, "माय, मी ती सरकी नासवीन! बघच तू!"

"नासवू नकोस!" मिंटा किंचाळली. "नासवलीस तर मारतील तुला. नीट कर!"

लेकीशी तिचं शेवटचं बोलणं ते एवढंच.

मग इकडे मिंटानेच ते केलं. कोणाला काही न सांगता ती शेंड्यावरची, कुजक्या झाडांची, पोचट सरकी चांगल्यात मिसळायला लागली. तिसऱ्या वर्षी बोंडं पुन्हा मिटली आणि शेजारच्या मळ्यांवरून हार्ग्रोव्ह सरकी परत यायला लागली. "जमीन दमली असेल, धनी," ती म्हणायची. एकदा संशयावरून तिला पंधरा फटके बसले. तिने तेच पुन्हा सांगितलं.

आणि एके दिवशी जावयाच्या मळ्यावरून नव्या सरकीची पोती उतरली. मिंटाने हात घातला. एकसारखे दाणे, एकही फुटका नाही. एक दाणा दाताखाली धरला. कट्ट. ती पोत्याला टेकून खाली बसली. पोर जिवंत होती, शहाणी होती, मायेचं ऐकून काम नीट करत होती. आता तीच सरकी इथे पेरायची, आणि दीडशेचे दोनशे रत्तल होणार.

"फिबीमावशी," ती म्हणाली, "माझ्याच तोंडाने मी तिला नीट कर म्हटलं गं."

फिबीमावशी त्या दिवशी हसली नाही.

उत्तर-दक्षिणेची लढाई झाली, गुलामी गेली, तेव्हा मिंटा साठीला टेकली होती. पहिल्याच आगबोटीने ती वरच्या अंगाला गेली. मळा ओस पडला होता. राहिलेल्या एका म्हाताऱ्याने सांगितलं की उत्तरेची फौज जवळ आल्यावर मालकाने सरकी आणि चाळीस माणसं गाड्यांत घालून टेक्सासकडे हाकली. टेंपी त्यात होती. तिला दोन मुलीही होत्या.

"टेक्सासला कुठे?"

"एवढा मोठा मुलूख आहे तो, बाई. मला काय ठाऊक!"

मिंटाने चर्चच्या पाद्र्याकडून चार पत्रं लिहून घेतली. एकाचंही उत्तर आलं नाही.

काठावर परत येऊन ती जमीन कसायला मागू लागली, तर प्रत्येकाची अट एकच, कपाशी लावणार असशील तर देतो. अखेर एका विधवेने दलदलीजवळचा कोणालाही नको असलेला तुकडा तिला दिला. तिथे ती मका आणि रताळी लावायची.

एकदा हार्ग्रोव्हचा नातू घोड्यावरून आला. "मिंटा ना तू? आजोबा म्हणायचे, सरकी निवडावी तर तुझ्यासारखी. चार दिवस येशील का? आमच्या पोरींना शिकव."

मिंटा कुदळ टेकून उभी राहिली. "पोरी कोणाच्या?"

"मळ्यावर वेचणाऱ्यांच्याच. का?"

"मला सरकीतलं काही कळत नाही," ती म्हणाली आणि पुन्हा कुदळ चालवू लागली. त्याचा घोडा वळला तरी तिने वर पाहिलं नाही.