मोठ्या आईच्या आधार कार्डात सापडले पणजोबा

मंडळी, आत्ताच वसमतहून घरी आलोय. आठवडाभरानं आज जेवण गोड लागणार!

लेकीच्या कॉलेज प्रवेशाला लागणाऱ्या जातीच्या दाखल्यासाठी पणजोबांची जुनी नोंद हवी होती. मुदत परवा संपते. त्यांना अख्खं गाव बापू म्हणायचं, म्हणून मी तीन दिवस तहसीलच्या रजिस्टरात बापूच शोधत होतो. आज कारकून वैतागला.

"आवो, तुमच्या आडनावाचा बापू न्हाईच इथं. खरं नाव काय त्यांचं?"

मला कुठं माहीत! मोठ्या आईला, म्हणजे थोरल्या चुलतीला, फोन लावला. बापूंना पाहिलेली घरात ती एकटीच उरलीय.

"आजेसासऱ्याचं नाव म्या कसं घेऊ रे?"

"अगं, पोरीचं वर्ष जाईल!"

मग म्हणाली, "माझ्या आधार कार्डावर मधी जे नाव हाय ना, तेच त्यांचं."

मधलं नाव म्हणजे काकांचं, केरबा! नातवाला आज्याचंच नाव ठेवलेलं, आणि हे मला आजवर कुणी सांगितलंच नव्हतं.

पाच मिनिटांत नोंद निघाली: नुसतं केरबा, बापू कुठंच नाही. मी तिथंच बाकावर बसलो.

तुमच्याही घरात असे कुणी बापू, आबा, नाना असतील. त्यांचं खरं नाव विचारून ठेवलंय का?

घरी येऊन मोठ्या आईला नोंदीची नक्कल दाखवली. तिला वाचता येत नाही. "कुठं हाय?" म्हणाली. मी तिचं बोट नावावर टेकवलं.

बोट तसंच ठेवून तिनं दुसऱ्या हातानं डोक्यावर पदर घेतला.