सेटचा नंबर

त्या हिवाळ्यात माझी पोस्टिंग बर्फातल्या एका चौकीवर होती. मी हवालदार, रेडिओ मेकॅनिक. आमचा सेट परदेशी बनावटीचा. थंडीत बॅटऱ्या माना टाकायच्या आणि नव्या आणायला जवानांना धोक्याच्या उतारावरून खाली जावं लागायचं. सेट सोलर पॅनेलवर चालवायचा तर खास केबल हवी होती. ती करून घ्यायला सीओंनी, म्हणजे आमच्या कमांडिंग ऑफिसरांनी, मला चाकण भागात टेम्पररी ड्युटीवर पाठवलं.

निघताना चौकीवरचाच नाईक संतोष म्हणाला, "वर्कशॉप कुरुळीतच आहे ना? मग लॉजबिज नको राव. आमच्या घरी उतर." उतरलो. त्याचे वडील, अण्णा, मला रोज समोर बसवून जेवायला घालायचे.

वर्कशॉप निगडीला राहणाऱ्या प्राजक्ता मॅडमचं. सेटच्या सॉकेटमध्ये कोणत्या पिनेला काय जोडायचं, हे सांगणारा कागद त्यांनी सेट बनवणाऱ्या कंपनीकडे मेलवर मागितला. जोडणी चुकली तर सेट जळणार. कंपनीचं उत्तर आलं: सेटचा सीरियल नंबर कळवा, कागद पाठवतो.

मी म्हणालो, "नंबर मिळणार नाही."

"अहो हवालदारसाहेब, सेट त्यांनीच बनवलाय. नंबरही त्यांनीच ठोकलाय!"

"फौजेची माहिती परदेशी माणसाला द्यायची नाही. वरून परवानगी मागवतो."

"आणि तोवर?"

"तोवर थांबायचं."

असा हुकूम मला कोणी दिला नव्हता. अंगात मुरलेली सवय होती, आणि थोडी मिजासही. अर्ज थ्रू प्रॉपर चॅनल गेला. मी अण्णांच्या ओट्यावर निवांत चहा पीत बसलो. लाज वाटते आता.

तीन आठवड्यांनी वरून उत्तर आलं: यात गुप्त काही नाही, परवानगीची गरजच नव्हती. मॅडमनी नंबर पाठवला आणि कागद त्याच दिवशी आला. केबल तयार करून तपासत होतो, तेवढ्यात सुभेदारसाहेबांचा फोन.

"बॅटऱ्या आणायला पार्टी खाली निघाली होती. बर्फाचा कडा कोसळला. बाकीचे वाचले."

"कोण गेलं, साहेब?"

"संतोष. घरी तूच सांग."

सांगितलं. तेराव्यानंतर नंबरचंही सगळं सांगितलं. वाटलं, म्हातारा कानफटात देईल. द्यावी, असंच वाटत होतं.

अण्णा माझ्या पाठीवर हात ठेवून म्हणाले, "फौजेची गोष्ट भाईर सांगायची न्हाई, व्हय ना? बराबर केलंस. माझ्या संतोषनं बी न्हाई सांगितली आसती."

संतोषनं पहिल्याच दिवशी सांगितली असती. तो माझ्यापेक्षा शहाणा होता. एवढं मात्र अण्णांना मी आजवर सांगू शकलेलो नाही.