झुलीखालची पाठ

पोलादपूरच्या बाजारात हैबतीला कुणी हैबती म्हणत नसे, शेवंतीवाला म्हणत. शेवंती म्हणजे त्याची घोडी. तांबूस अंगाची, कपाळावर पांढरा टिळा, आणि स्वभावानं इतकी गरीब की पोरंटोरं तिच्या पोटाखालून शिवाशिवी खेळायची. डोंगरातला हिरडा तिच्या पाठीवरून महाडला उतरायचा आणि महाडच्या बंदरावरचं मीठ तिच्याच पाठीवरून वर यायचं. हैबती स्वतः मात्र तिच्यावर कधी बसला नाही. "वझं हाय तेवढं पुरे की, त्यात माझं कशाला?" म्हणायचा आणि पुढं चालू लागायचा, ही मागून यायची. लगाम धरायची गरजच नव्हती. घरी आल्यावर भाकरीचा पहिला तुकडा तिला, मग ह्याला. बायको, तुळसा, करवादायची, "माझ्याशी लगीन कशाला केलंत? तिच्याशीच लावायचं होतं!" हा बाबा नुसता हसायचा. नाही म्हणून म्हणायचा नाही!

आता माणसानं जिवापाड जपावं, त्याला कोण नावं ठेवणार? पण हैबतीला त्या जपण्याचा भारी ताठा होता. त्याच वाटेवर ओझी वाहणाऱ्या कुशाबाच्या तट्टाची पाठ एकदा खोगीर घासून सोलवटली, तर भर बाजारात ह्यानं त्याचे पार वाभाडे काढले. "अरे, घोड्याची पाठ लागली म्हंजे मालकाची लाज गेली! कमरेचं सोडून डोक्याला गुंडाळ आता." चार माणसं फिदीफिदी हसली. कुशाबा बिचारा तट्टू घेऊन मागच्या वाटेनं निघून गेला. आपलं ठेवावं झाकून नि दुसऱ्याचं पाहावं वाकून, म्हणतात ना, तसलाच प्रकार. फक्त हैबतीचं झाकायची वेळ अजून यायची होती.

ती आली माघ सरता सरता. महाडला मिठाची पोती भरताना एक ओलं पोतं आलं. रोज खोगीर चढवण्याआधी हैबती त्याच्याखालून तळहात फिरवी; गवताची गाठ झाली असेल, काटा अडकला असेल तर हाताला लागतो. त्या दिवशी बंदरावर कुणीतरी शेवंतीची तारीफ काढली, आणि ह्याची कळी अशी खुलली की बोलता बोलता हात फिरवायचा राहिला तो राहिलाच. खाऱ्या पाण्यानं खोगिरातलं गवत गोळा झालं आणि पोलादपूरपर्यंत घासत आलं. खोगीर उतरवलं तेव्हा पाठीवर तळहाताएवढी जागा सोललेली. त्यात मीठ! हैबतीनं हळद-तेल लावलं आणि गोठ्याचं दार ओढून घेतलं, शेजाऱ्यांना दिसू नये म्हणून.

दुसऱ्या दिवशी गावातला महिपत दारात. त्याचा मुलगा भागोजी मुंबईला गिरणीत होता, त्याचं लग्न चार दिवसांनी वरंधला ठरलेलं. "हैबती, नवरदेवाला घोडी तुझीच पायजे. चार गावांत तशी नाय."

"नाय" म्हणायला किती वेळ लागतो हो? पाठ लागलीय म्हणायचं, की संपलं. पण मग कुशाबाला कळेल, बाजाराला कळेल. "तिची काय बात हाय!" असं काहीतरी बोलून तो होकार देऊन बसला.

तुळसा आतून ऐकत होती. महिपत गेल्यावर म्हणाली, "जीभ झडली होती काय तुमची?"

"मऊ वाकळ घालतो खाली. तेवढी जागा कापून काढतो वाकळीची. तिला लागायचं नाय."

"तिला का तुमाला?" तुळसा म्हणाली आणि चुलीकडं वळली.

लग्नाच्या दिवशी त्यानं जखमेवर वाकळ घातली, वर खोगीर, वर लाल झूल. शेवंती नटली. भागोजी बूट घालून चढला तशी तिच्या अंगावरून एक शहारा गेला, कान मागं पडले, पण पाय हलला नाही. "एकदम फस्ट क्लास घोडी हाय, काका!" भागोजी वरून म्हणाला. हैबतीनं मान खाली घातली. लोकांना वाटलं, नम्रपणा.

वाट लांबची. गाड्या पुढं, घोडी मधे, वाजंत्री मागं. बिरवाडीच्या पुढं चढ लागला तेव्हा शेवंती दोनदा थांबली. कधी न थांबणारी घोडी! हैबतीनं तिच्या कानाशी तोंड नेलं. "चल गो बाये, थोडंच हाय." थोडं नव्हतं. ती त्याच्या शब्दावर चालली.

मांडवाच्या दारात भागोजी उतरला आणि सगळे आत घुसायच्या बेतात असताना नवरीची आत्या, गोदूबाई, पुढं आली. हातात हळदीचं ताट. त्या घराची रीत होती: ज्या पाठीवरून जावई आला ती पाठ आधी पुजायची, मग जावई. झूल उतरवायची, खोगीर काढायचं आणि उघड्या पाठीवर हळदीचा पंजा उमटवायचा.

"झूल काढ रे बाबा," गोदूबाई म्हणाली.

हैबती झूल धरून मधे आला. आणि तो बोलून गेला. कसा बोलला, त्याचं त्यालाच कळलं नाही.

"हात लावू नका, आत्याबाई! लाथाळ हाय ती! चावते पण!"

बायका किंचाळून मागं सरल्या. महिपत लालबुंद झाला. "लाथाळ जनावर माझ्या पोराच्या बुडाखाली दिलंस? आणि आता सांगतोस?" कुणी म्हणालं, पाठ पुजली नाही, अपशकुन झाला. शेवटी दोघा गड्यांनी शेवंतीला लांब आंब्याखाली नेलं, पुढच्या पायांना पायबंद घातला आणि गवताची पेंढी काठीनं पुढं ढकलली. जन्मात पायबंद न पाहिलेली घोडी. ती गवताकडं बघेना. हैबतीकडं बघत राहिली.

मांडवात अक्षता पडल्या. हैबती एका खांबाला टेकून उभा होता, आणि त्याचं लक्ष आंब्याखाली. पोरं जमली होती. "लाथाळी! लाथाळी!" एकानं खडा मारला. शेवंतीनं मान वळवून त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड पुढं केलं. खाऊ देतोय, वाटलं तिला! पोलादपूरची पोरं द्यायची ना. दुसरा खडा नाकावर बसला. तिनं तोंड मागं घेतलं, पण लाथ कसली, पाय आपटलासुद्धा नाही.

हैबतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. जखम केली ती हातून चुकून. पण ही शिवी? ही तर त्यानं जाणूनबुजून तिच्या कपाळी लावली होती, आणि कशासाठी, तर बाजारात आपलं नाक वर राहावं म्हणून! थू तुझ्या जिनगानीवर, तो स्वतःलाच म्हणाला.

तो गेला, पोरांना हाकललं, पायबंद सोडला आणि तिला घेऊन थेट मांडवासमोर आला. पंगत बसत होती. लोक घाबरून उठायला लागले.

"बसा. लाथाळ नाय ती," हैबती म्हणाला. "मी खोटं बोललो. लाथाळ मी हाय."

त्यानं झूल उचलली. खोगीर उचललं. वाकळ सरकली होती आणि जखमेला चिकटली होती. ती सोडवताना शेवंतीची कातडी थरथरली. खालून रक्त आलं. मांडवात वाढप्याच्या हातातलं पातेलं वाजलं.

गोदूबाई हळदीचं ताट घेऊन पुढं आली. न बिचकता तिनं मूठभर हळद त्या जखमेवर दाबली. शेवंती उभी. मग बाजूच्या चांगल्या कातडीवर गोदूबाईनं पंजा उमटवला.

"हिची पूजा झाली," ती म्हणाली. "तुझं तू बघ."

महिपत काहीतरी बोलणार होता, पण आधी भागोजी बोलला. बाशिंग बांधलेला, पाटावर बसलेला. रागानं नाही, साधंच बोलला. "काका, मला सांगायचं ना. मी चालत आलो असतो."

शिव्या खाल्ल्या असत्या तर हैबतीनं पचवल्या असत्या. हे पचेना. चालत आला असता! एवढं सोपं होतं ते. तो जेवला नाही. पान वाढलं होतं, ते तसंच ठेवून उठला.

परतीच्या वाटेवर त्यानं खोगीर आणि झूल स्वतःच्या डोक्यावर घेतली. झूल पाठीवर टाकली असती तर घासली असती. म्हणून उघडी पाठ, उघडी जखम, त्यावर पिवळी हळद आणि वर माश्या. हातात आंब्याचा डहाळा धरून तो माश्या वारत चालला. बिरवाडीला बाजार भरला होता. आडवाट होती, पण आडवाटेला खडे फार, तिला ठेचा लागल्या असत्या. तो बाजारातूनच गेला.

लोक थांबून बघत होते. ओळखीच्यांनी तोंड फिरवलं. एक परका म्हातारा मात्र काठी टेकत वाटेतच आडवा आला. त्यानं पाठ पाहिली, चुकचुकला आणि संतापून म्हणाला, "गरीब जनावराची काय दशा केलीय ही! तू गडी दिसतोस हिच्याकडला. मालक कोण रे हिचा? जोड्यानं हाणला पायजे त्याला!"

डोक्यावर खोगीर घेतलेला माणूस गडीच दिसणार. हैबतीनं हूं म्हटलं असतं तरी चाललं असतं. शेवंती मागं थांबली होती, तिचा श्वास त्याच्या मानेला लागत होता.

"मालक मीच," हैबती म्हणाला, आणि म्हाताऱ्यापुढं मान वाकवून उभा राहिला.