ओळंबा आणि सासऱ्यांची मासिकं

आधीच सांगते — मी सिव्हिल डिप्लोमा केलेली बाई आहे. साइटवर लिंबू-मिरची बांधणाऱ्यांना मी स्वतः झापलंय. भूतबित असलं काही मी कधीच मानलं नाही. तरी जे झालं ते लिहिते. पटलं तर पटलं, नाहीतर पुढचा अनुभव वाचा.

जुळे सोलापुरात आमचं घर. खालच्या हॉलमध्ये सागवानी कपाट, त्यात सासऱ्यांची मासिकं — इंग्रजांच्या काळातली, मुंबई इलाख्यातल्या इंजिनिअर-कंत्राटदारांसाठी निघायची ती. चुना मळायची घाणी, दगडी कमानी, रेल्वेचे पूल, नि पानोपानी सिमेंटच्या जाहिराती. नवी पेठेतल्या रद्दीतून एकेक वेचून, खंड बांधून ठेवलेली. सासरे ओव्हरसियर होते. माणूस विद्वान, पण खडूस... एक नंबरचा! सासूबाईंचे गुडघे गेले, जिना चढताना डोळ्यांत पाणी यायचं त्यांच्या. तरी "खाली खोली काढू या" म्हटलं की उत्तर ठरलेलं — "माझ्या मासिकांना धूळ नको." मला तर हातही लावू द्यायचे नाहीत. म्हणे, डिप्लोमावाल्यांना काय कळतंय त्यातलं.

ते गेले. वर्षश्राद्ध झालं आणि मी लगेच विटा मागवल्या. हॉलमध्ये आडवी भिंत घालून सासूबाईंना खोली करायची म्हणजे करायचीच. कपाटावर प्लास्टिक टाकलं, काम सुरू.

शिवा मिस्त्री माझ्याकडं बरीच वर्षं आहे, हात सफाईदार. भिंत पूर्ण झाल्यावर मी ओळंबा सोडला — दोरीला लावलेलं पितळी वजन, भिंत सरळ आहे का बघायला. भिंत बोटभर वाकडी! मी असली भडकले...

"शिवा, डोळे कुठं होते तुझे?"

"ताई, थराथराला वळंबा लावलाय की! सकाळपत्तर बरोबर हुता. कुटं चुकलं मलाच कळंना."

पाडली. विटा परत हौदात भिजवल्या, परत रचल्या. परत तेच! शिवा माझ्याकडं बघेना, मी त्याच्याकडं. शेवटी भिंतीवर सरळ रेघ पाडणारा लेझर लावला. लेझरवर भिंत सरळ, ओळंब्यावर वाकडी.

मग मी ओळंबा भिंतीपासून लांब, खोलीच्या मधोमध धरला. पंखा बंद, खिडक्या बंद. दोरी स्थिर झाली... तिरकी. कुणीतरी कपाटाकडं ओढून धरल्यासारखी. अंगणात नेला — सरळ. आत आणला — तिरका. पितळ होतं हो, लोखंड नाही. कमेंटमध्ये मॅग्नेट-मॅग्नेट करणाऱ्यांनो, दोरीला वीट बांधूनही बघितली. तीही कपाटाकडंच.

शिवानं थापी खाली ठेवली. "म्हातारं मालक न्हाय म्हंत्यात, ताई. मी आता हात लावत न्हाय."

भीती वाटली का? वाटली. पण राग त्याहून जास्त. मेल्यावरसुद्धा या माणसाला आपली बायको खाली आलेली चालत नाही? मी ओळंबा खिळ्याला टांगला आणि कपाटासमोर दातओठ खात उभी राहिले नुसती.

आमचा आवाज ऐकून सासूबाई जिन्यावरून बसत-बसत उतरल्या. दोरीकडं बघितलं, मग कपाटाकडं. नवऱ्यासमोर कधी आवाज न चढवलेली बाई... त्यांनी प्लास्टिक ओढून काढलं, मासिकांचा पहिला गठ्ठा उचलला आणि दारातल्या विटांच्या हौदात टाकला.

"जन्मभर जिना चढले मी. आता तुम्ही भिजा."

"अहो आई!" मी ओरडले. काही झालं तरी तो ऐवज होता. पण त्या ऐकेनात. भिंतीला धरून, लंगडत, एकेक खंड नेऊन टाकत राहिल्या. मी मदतीला पुढं झाले तर हात झटकला माझा. शेवटचा खंड बुडाला आणि खिळ्यावरची दोरी हलली. हलली ती सरळ उभी राहिली. शिवानंही बघितलं.

कारण? माहीत नाही. ओळखीच्या इंजिनिअरांना विचारलं, ते हसले. तुम्हीही हसा. खोली झाली, सासूबाई तिथंच झोपतात. ओळंबा मात्र त्या मला काढू देत नाहीत. पलंगासमोर तसाच टांगलाय. रोज उठल्यावर त्या आधी त्याच्याकडं बघतात, आणि तो सरळ दिसला की मगच पाय खाली टेकवतात.