पाळणेवाला गप्प का होता

आजही कुठे जत्रेत मोठा पाळणा फिरताना दिसला की मला ते प्रकरण आठवतं आणि म्हातारपणातही अंगात तरतरी येते. नोकरीत खून, दरोडे सगळं पाहिलं. पण जीव मुठीत धरून दिवस मोजले ते एका वेबसाईटसाठी! निवृत्तीला दोन वर्षं उरली होती आणि मोहाडीकडच्या एका ठाण्याचा मी ठाणेदार होतो. नाव कुणाचंच सांगणार नाही. ती माणसं अजून तिथेच राहतात आणि सुखात आहेत.

आमच्या भंडारा जिल्ह्यात दिवाळी झाली की गावोगावी मंडई भरते. एका दिवसाची जत्राच म्हणा. दंडारीची नाचगाणी, नाटक, दुकानं, पाळणे आणि घरोघरी पाहुणे. लेकी माहेरी येतात, सोयरिकी जुळतात. शेजारच्या दोन गावांची मंडई एकाच दिवशी आली तर पाहुणे वाटले जातात, मग भांडणं होतात आणि फुटलेली डोकी दवाखान्यात न्यायला पोलीस लागतात. हा घोळ टाळणारी एक साधी वेबसाईट होती. गावं आपली तारीख तिथे कळवायची आणि दुकानदार, नाटकवाले ती बघून निघायचे. खोटं कशाला बोलू, बंदोबस्ताचा तक्ता मीसुद्धा तिच्यावरूनच उतरवून घ्यायचो. ती चालवत होता एक साठीचा काटक पाळणेवाला. त्याचं पोट मंडईवरच.

दिवाळी महिन्यावर आली असताना एका गावचे चार जण तावातावाने ठाण्यात आले आणि मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला. तारखांच्या जागी पत्त्यांच्या जुगाराच्या जाहिराती नाचत होत्या.

"साहेब, पाळणेवाल्यानं साईट जुगारवाल्याले विकली. यंदा त्याचा पाळणा आमच्या मंडईत लागू देत नाही आम्ही!"

मी तक्रार अर्ज घेतला आणि स्टेशन डायरीला नोंद केली. संध्याकाळपर्यंत आणखी दोन गावांचे लोक तीच तक्रार घेऊन आले. त्यातच माझ्या खबऱ्याने कळवलं की, पाळणेवाला चार दिवसांपासून घराबाहेर पडलेला नाही, फोन उचलत नाही. माझी खात्रीच झाली. निर्दोष माणूस दार लावून कशाला बसेल?

दुसऱ्या दिवशी त्याला चौकशीला बोलावलं. सगळ्या प्रश्नांना सरळ उत्तरं देत होता. साईट विकली नाही, जुगारवाला कोण ते माहीत नाही, तारखा मीच टाकतो. पण एक प्रश्न आला की तोंड बंद.

"साईट कुणाच्या नावावर घेतली आहे?"



मी टेबलावर हात आपटला. दटावलं, दरडावलं. तो जमिनीकडे बघत म्हणाला, "साहेब, तुमाले जे लिवाचं ते लिवा. मी कबूल करतो."

न केलेल्या गोष्टीची कबुली द्यायला निघालेला माणूस मी पहिल्यांदाच पाहत होतो. पण डोक्यात राग असला की डोळ्यांना दिसत नाही. मी त्याला बाकावर बसवून ठेवलं आणि जिल्ह्याच्या सायबर सेलला फोन लावला. तिथल्या जवानाने मला पाच मिनिटांत शाळेत बसवलं.

"सर, साईट कुणी विकली नाही, तिच्या नावाची मुदत संपली. हे नाव कायमचं मिळत नसतं, मुदतीवर मिळतं. देणाऱ्या कंपनीला रजिस्ट्रार म्हणतात. वेळेत नूतनीकरण झालं नाही की नाव काही दिवस त्यांच्याकडे अडकून पडतं आणि तोवर त्यावर जाहिराती दिसतात. या दिवसांत मूळ मालकाने सोडवलं तर ठीक. नाहीतर खुलं होतं, जो आधी उचलेल त्याचं!"

"किती दिवस उरलेत?"

"आठ."

मी खुर्चीतून उठलोच. हे तर अपहरणासारखं होतं, फक्त मुदत आधीच ठरलेली! लगेच रजिस्ट्रारच्या मदत केंद्राला फोन लावला. पलीकडून गोड आवाजात उत्तर आलं की ज्यांच्या नावे नोंद आहे त्यांनीच ओळखपत्रासह अर्ज करावा, ते नाव आम्ही सांगू शकत नाही. ठाणेदार असल्याचं सांगितलं, तर आवाज आणखी गोड झाला आणि उत्तर तेच राहिलं. म्हणजे नाव सांगू शकणारा एकच माणूस होता आणि तो माझ्याच बाकावर ओठ शिवून बसला होता.

तेव्हा आमच्या महिला हवालदार आत आल्या. वीस वर्षांची नोकरी, माणसांची पारख माझ्यापेक्षा सरस.

"साहेब, रागावू नका, पण तुम्ही चुकून राहिले. बाप असा गप्प बसते तो पोरीसाठी. सासरी नांदणाऱ्या पोरीचं नाव बाप ठाण्यात कसा घेईन?"

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. सगळ्यांना बाहेर काढलं, चहा मागवला आणि कप त्याच्या हातात देत हळूच विचारलं, "लेकीच्या नावावर आहे ना?"

त्याचे डोळे भरून आले. "साहेब, तिच्या सासरी पोलिसाची गाडी गेली तं लोक काय म्हणतीन? माया पाळणा भंगारात गेला तं चालते. पोरीचं नाव लिवू नका."

मग सगळं बाहेर आलं. साईटवर जुगार दिसल्यापासून तो लेकीचं नाव निघेल या धास्तीनेच दार लावून बसला होता. मुलीने कॉलेजात असताना साईट बनवली आणि बापाला तारखा टाकायला शिकवलं. लग्न होऊन ती बपेऱ्याला गेली. "पोरगी सासरी गेली, नंबर कायले ठेवाचा?" म्हणून यानेच तिच्या जुन्या नंबरचं रिचार्ज थांबवलं. रजिस्ट्रारचे सगळे इशारे त्याच नंबरावर जात होते. एकाही माणसाने गुन्हा केला नव्हता आणि मी मात्र एकाला आरोपी करून मोकळा झालो होतो. स्वतःची एवढी लाज मला क्वचितच वाटली असेल.

पण लाजत बसायला वेळ कुठे होता! दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. ठाण्याची गाडी नाही, खाकी नाही. मंडईचं निमंत्रण द्यायला माहेरची माणसं जातातच. म्हणून मुलीची आई, हवालदारबाई आणि दूरचा मामा म्हणून मी, असे भाड्याच्या गाडीने बपेऱ्याला पोचलो. सासूने पाणी दिलं, निमंत्रण घेतलं, चहा ठेवायला सांगितलं. मग माझ्या पायांकडे बघत म्हणाली, "मामा, कपडे तं बदलले. जोडे काहून नाही बदलले?"

पायात पोलिसी तांबडे बूट तसेच! तीस वर्षांची नोकरी आणि एका सासूने मला अर्ध्या मिनिटात पकडलं. नाइलाजाने खरं सांगितलं. मुलीची आई पदराने तोंड झाकून रडायला लागली. सून दारात पांढरीफटक उभी.

सासू उठली ती थेट विहिणीजवळ. "कायले रडता? ज्या पोरीनं साऱ्या मंडया एका जागी लावल्या, ते पोरगी मले घरात पाहिजे होती. म्हणून तं मी मागणी घातली. अन् तुम्ही मायापासूनच लपवता?"

तिथेच मोबाईलवर अर्ज भरला, आधार कार्डाचा फोटो जोडला. संध्याकाळी उत्तर आलं, नाव जुळत नाही! लग्नात मुलीचं नाव बदललं होतं, पहिलंही आणि शेवटचंही. रजिस्ट्रारच्या लेखी मालक कुणी दुसरीच होती. सहा दिवस उरले होते. सासूने ट्रंक उघडली. तळातून लग्न नोंदणीचा दाखला निघाला आणि सुनेचं कॉलेजचं जुनं ओळखपत्रही तिने जपून ठेवलेलं होतं. दोन्ही नावं, एकच चेहरा. पुन्हा अर्ज गेला.

पुढचे दिवस मी दर तासाला फोन करत होतो. हवालदारबाई म्हणाल्या, "साहेब, तुमच्या पोरीच्या दहावीच्या निकालालेबी तुम्ही एवढे घाबरले नव्हते." शेवटून दुसऱ्या दिवशी दुपारी सुनेचा फोन आला, "मामा, मिळालं!" मी ठाण्यात अक्षरशः ओरडलो. लॉकअपमधला चोरसुद्धा दचकला. पान उघडलं, तर जुगार गायब आणि तारखा जागच्या जागी. तक्रार करणाऱ्या गावांना बोलावून मी स्वतः खुलासा दिला आणि पाळणेवाल्याची सर्वांसमोर माफी मागितली.

पहिल्या मंडईला मी बंदोबस्तात होतो. पाळण्याच्या वरच्या डब्यात सासू आणि सून बसल्या होत्या. सासू डोळे मिटून किंचाळत होती. खाली पाळणेवाल्याने माइक हातात घेतला. ज्या माणसाने तुरुंग कबूल केला पण नाव घेतलं नाही, तो भर मंडईत लेकीचं माहेरचं नाव घेऊन, मग सासरचं नाव घेऊन सांगत होता, "साईट इनं बनवली! माया पोरीनं!"

चौकशीत माणूस गप्प बसला की तो काहीतरी लपवतो, असं आम्हाला शिकवलं होतं. ते खरंच आहे. पण तो कुणाला लपवतोय, हे विचारायला मला कुणी शिकवलं नव्हतं. त्यानंतरची दोन वर्षं माझ्या टेबलासमोर कुणी गप्प बसलं, तर मी आधी चहा मागवत असे.