एकाच ताग्याच्या टोप्या

आमचे टेलरमास्तर तळ्यावर निघाले तेही गळ्यात टेप लटकवून. बायको म्हणाली, "अहो, तळ्याची खोली मोजायचीय का?" मास्तरांनी टेप चाचपला, पण काढला नाही. उघड्या गळ्याने घराबाहेर पडलं की त्यांना काहीतरी घालायचं राहून गेल्यासारखं वाटतं.

एरवी त्यांना सहलीला न्यायचं म्हणजे शिलाई मशीनला पोहायला शिकवायचं. पण या वेळी सुनेने अट घातली होती. "बाबा, सहलीत छोटीला तुम्ही एकट्यांनी सांभाळायचं. जमलं, तर उन्हाळ्याची सुटी संपल्यावर शाळेतून ती थेट तुमच्या दुकानात. नाही जमलं, तर पाळणाघर." ते ऐकूनच मास्तरांनी हातातली सुई बोटात खुपसून घेतली होती. पाच वर्षांची नात म्हणजे त्यांचा जीव की प्राण.

म्हणून त्यांनी अक्कल चालवली. केशरी-निळ्या पट्ट्यांच्या जाड कापडाचा एक तागा पडून होता, त्यातून घरच्या सगळ्यांना टोप्या शिवल्या. कोसावरून दिसाव्यात अशा. कुणी हरवायची बातच नको! विसरले ते एवढंच, की याच ताग्याच्या टोप्या ते महिनाभर वाटत होते. ज्याचे कपडे वेळेवर झाले नाहीत, त्याला "बुधवारी या" आणि वर राग शांत व्हायला एक टोपी. आता मास्तरांकडे कुणाचे कपडे वेळेवर होतात? आमच्या घरात दोन टोप्या आल्या, पडदा अजून यायचाय.

तळ्यावर सासू-सुना झाडाखाली चटई अंथरायला गेल्या. टेप भिजू नये म्हणून मास्तरांनी तो नातीच्या गळ्यात घातला, तिला काठावर बसवलं आणि स्वतः समोरच गुडघाभर पाण्यात उभे राहिले. त्यांचा जुना दोस्त, सलूनवाला, आधीच म्हशीसारखा डुंबत होता.

"अरे, एक डुबकी मार! पोरगी काय पळून जातेय?"

मास्तरांनी नाक धरून डुबकी मारली. वर आले, तर काठावर नात नाही.

"ती बघ टोपी!" सलूनवाला ओरडला. मास्तरांनी धावत जाऊन टोपी कवेत घेतली. खालून परक्याच पोराने भोकाड पसरलं. दुसरी उचलली, तर खाली टक्कल. मास्तरांनी डोळे चोळले. बोटीत पट्टे, झाडाखाली पट्टे, पाण्यात पट्टे. एका तळ्यात बुडी मारून आपण दुसऱ्याच तळ्यात वर आलो की काय?

"मास्तर, माझी पँट?"

"बुधवारी!" मास्तर धावता धावता.

"आणि माझा ब्लाऊज? लग्न होऊन गेलं की हो!"

"बुधवारी, बुधवारी!"

तेवढ्यात समोर सून. "बाबा, छोटी कुठंय?"

मास्तरांच्या तोंडून सवयीने निघून गेलं, "बुधवारी."

सुनेचा चेहरा पांढरा पडला. मास्तरांनी जीभ चावली. एवढ्यात आइस्क्रीमच्या गाडीमागून हशा ऐकू आला. दोघं तिकडे धावले. तिथे उपड्या घातलेल्या होडीवर छोटी उभी, समोर पट्ट्यापट्ट्यांच्या टोप्यांची रांग. एका ढेरपोट्या गिऱ्हाइकाच्या पोटाला तिने टेप लावला होता.

"श्वास आत घ्या, काका. आणखी. नाही पुरत टेप. बुधवारी या."

सुनेने आधी पोरीला पोटाशी धरलं. मग सासऱ्यांकडे वळली. ते नखशिखान्त निथळत होते.

"हिला दुकानात बसवायचं म्हणताय?"

"मी... म्हणजे ही... एकच डुबकी मारली गं..."

"बसवा. निदान दुकानात एकाचं तरी लक्ष राहील."

मास्तर बघतच राहिले. पास झालो की नापास? सलूनवाल्याला विचारलं, तर तो म्हणाला, "मला काय विचारतोस, मला माझी सून अजून कळली नाही." बायकोला विचारलं, तर ती म्हणाली, "आधी डोकं पुसा."

टेप काही छोटीने परत दिला नाही. घरी येईपर्यंत मास्तर आपला उघडा गळा चाचपत होते.