थरथरत्या हातांसाठी एक लेन्स

आज मी जो काही आहे, तो आमच्या तालुक्याच्या शाळेतल्या भूगोलाच्या सरांमुळे. आमच्या घरात दहावीच्या पुढे कोणी गेलं नव्हतं. सर वडिलांच्या सायकल दुरुस्तीच्या टपरीवर येऊन बसले, चहा प्यायले आणि म्हणाले, "पोराला सायन्सला घाला. त्याला काचेतून बघायचा नाद आहे."

तो नाद त्यांनीच लावला होता. हिवाळ्यात धरणाच्या पाण्यावर चक्रवाक पक्षी उतरत. रविवारी सर त्यांचे फोटो काढायला जात आणि मला सोबत नेत. रोलमधले फोटो मोजकेच, म्हणून त्यांची एक शिस्त होती. "आधी बघ. श्वास सोड. मग दाब." मला घाई असायची. ते खांद्यावर हात ठेवून मला थोपवायचे. तो हात दगडासारखा स्थिर होता.

आता मी अंधेरीत लग्नांचे फोटो काढणाऱ्यांना कॅमेरे आणि लेन्स भाड्याने देणाऱ्या एका कंपनीत आहे. नवीन लेन्स आली की ती तपासायची आणि घ्यावी की नाही ते लिहून द्यायचं, हे माझं काम. वडिलांना ते कोणाला नीट समजावता येत नाही. 'चष्म्याच्या लायनीत आहे' असं सांगून ते मोकळे होतात.

गेल्या दिवाळीत सरांकडे गेलो. निवृत्त होताना आम्ही विद्यार्थ्यांनी दिलेला डिजिटल कॅमेरा कपाटावर रुमालात गुंडाळून ठेवलेला दिसला.

"कंटाळा आला रे फोटोंचा," सर म्हणाले. "आता नुसता जाऊन बघतो."

मग त्यांनी मला चहा दिला. कप बशीवर सारखा वाजत होता. त्यांनी दुसरा हात लावून तो थांबवला. मी खिडकीबाहेर बघत राहिलो. कंटाळा कसला होता ते मला कळलं होतं, आणि मला कळलंय हे त्यांनाही.

त्यानंतर काही आठवड्यांनी ऑफिसात लांबचं जवळ दाखवणारी एक टेलिफोटो झूम लेन्स तपासायला आली. सरांच्या कॅमेऱ्याला बसणारी, आणि हाताची थरथर आतल्या आत सावरून घेणारी. खोका उघडतानाच मनात आलं, ही सरांना द्यावी. पण लगेच भीतीही वाटली. समजा दिली आणि त्यांच्या हातात ती चालली नाही, तर? सर मला 'उत्तम आहे' असं कळवतील आणि तीही रुमालात गुंडाळून कपाटावर ठेवतील. मग कॅमेरा पुन्हा कधीच खाली येणार नाही.

म्हणून ती मी जरा जास्तच बारकाईने बघायला लागलो. झूमची रिंग फिरवली, तर कुठे अडकत नव्हती, ढिलीही नव्हती. लेन्स पूर्ण लांब करून नळी दोन बोटांनी हलवली. किंचित हलली, पण या किमतीत तेवढं चालतं. तोंड खाली करून धरली, तर काही लेन्सची नळी आपल्या वजनाने घसरते तशी हिची घसरली नाही. कॅमेऱ्याला जोडायच्या कड्याभोवती धूळ-पाणी अडवणारं बारीक रबर होतं. बाहेरचं अंग मात्र प्लास्टिकचं.

"लेन्स तपासतोयस की बहिणीसाठी मुलगा बघतोयस?" माझी सहकारी म्हणाली. ती घाटकोपरची, तोंडाने फटकळ. "प्लास्टिक आहे यार. दोन लग्नांत वाट लागेल हिची."

"हलकी आहे पण."

"हलकी कोणाला हवीय? आपल्याकडून लेन्स नेणाऱ्या पोरांचे दंड बघितलेस ना?"

तिचं बरोबर होतं. मीही अहवालात 'बांधणी मध्यम' असंच लिहिलं. पण सरांचे हात डोळ्यांसमोर आणले की तेच प्लास्टिक मला गुणाचं वाटायला लागलं.

मग थरथरीची चाचणी. आमच्याकडे पद्धत अशी की ज्याचे हात सगळ्यांत स्थिर, त्यानेच ती करायची. तो मान माझा. गॅलरीत उभं राहायचं, कोपर पोटाशी घ्यायचे आणि समोरच्या इमारतीच्या टाकीवरची अक्षरं टिपायची. दर वेळी शटर थोडं जास्त वेळ उघडं ठेवायचं आणि अक्षरं कुठे फिसकटतात ते बघायचं. ती फिसकटतच नव्हती. झकास निकाल होता. मी तो लिहायला बसलो आणि पेन थांबलं. स्थिर हातांनी मी थरथर सावरणाऱ्या लेन्सची परीक्षा घेत होतो! हे आम्ही इतकी वर्षं करत आलो, आणि कोणाला खटकलं नव्हतं.

दिंडोशीला मी राहतो, त्याच मजल्यावर एक आजोबा राहतात. कोकणातले, पूर्वी गिरणीत होते. वयामुळे त्यांचे हात कापतात. रविवारी सकाळी मी ऑफिसातून मागून आणलेली लेन्स कॅमेऱ्याला लावून त्यांच्या दारात उभा राहिलो. कसं विचारावं ते सुचेना.

"आजोबा, जरा तुमचे हात हवेत."

"हात? आता ह्ये हात कित्याक व्हये तुका? ताशा वाजवल्यासारखे हलतत."

"हलतात म्हणूनच हवेत."

आतून आजी हसल्या. "जावा जावा. तुमच्या थरथरीक पैल्यांदाच कोणी मान दिल्यान."

आम्ही तिघे गच्चीवर गेलो. पलीकडच्या मोबाइलच्या टॉवरवर एक घार बसली होती. आजोबांनी कोपर कठड्यावर टेकले, कॅमेरा डोळ्याला लावला आणि झटकन बटण दाबलं. फोटोत नुसता तपकिरी फराटा. पुन्हा दाबलं. पुन्हा फराटा. असं बरंच झालं.

"जावंदे रे," ते कॅमेरा परत करत म्हणाले. "माझ्या हातांका आता काय जमाचा नाय."

तो आवाज मी ओळखला. 'कंटाळा आला' म्हणणारा आवाज अगदी असाच होता.

मी कॅमेरा घेणार, एवढ्यात सर आठवले. आजोबा बघायच्या आधी दाबत होते. बटण अर्धं दाबलं की आतली यंत्रणा जागी होते, तिला क्षणभर द्यावा लागतो. इतकं मला माहीत होतं, आणि सांगायचंच राहिलं होतं. मी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "आजोबा, बटण अर्धंच दाबा. आधी बघा. श्वास सोडा. मग पूर्ण दाबा."

आतून बारीक गुणगुण ऐकू आली. आजोबांचे हात तसेच कापत होते, लेन्सचं टोक हवेत डुलत होतं. पण त्यांचा चेहरा बदलला.

"मेल्या, घार थांबली रे! ह्यो हात माझोच मां?"

या काचांबद्दल मी कॉलेजात शिकलो आहे, रोज त्यावर लिहितो. आत भिंगांचा एक छोटा संच चुंबकांच्या जोरावर अधांतरी असतो. हात डावीकडे गेला की चित्राला जागेवर ठेवायला तोही सरकतो. हे सगळं माहीत होतं, पण त्या सकाळी ते मला पहिल्यांदा उमगलं. चित्र थांबावं म्हणून आत एक काच आजोबांच्या बरोबरीने थरथरत होती. त्यांच्या प्रत्येक कंपाला तिच्याकडे उत्तर होतं.

फोटोत घारीचा डोळा दिसत होता. आजोबांनी तो आजींना दाखवला. आजींनी कॅमेरा डोळ्यांजवळ नेऊन तो बघितला आणि त्या मला म्हणाल्या, "ह्या यंत्र च्यायच्या कपाक लावून मिळात काय रे?"

ऑफिसने ती लेन्स घेतली नाही. लग्नांच्या धावपळीला ती नाजूकच. मी मात्र तशीच एक नवी आणली, गावी पाठवली आणि सोबत हे पत्र ठेवलं.

"सर, नमस्कार.

सोबत एक लेन्स पाठवतो आहे. ती तुमच्या कॅमेऱ्याला बसते. मी माझ्या हातांनी तपासली तेव्हा उत्तम वाटली, पण त्या तपासणीला अर्थ नव्हता. म्हणून माझ्या शेजारच्या आजोबांकडून पुन्हा तपासून घेतली. त्यांचे हात खूप कापतात. त्यांनी काढलेला घारीचा फोटो सोबत आहे.

खोटं सांगत नाही, सगळे फोटो असे आले नाहीत. घार उडाली तेव्हा काहीच मिळालं नाही. बरेच फोटो पुसट आले, आणि तुमच्या हातात किती येतील ते मला इथून सांगता येत नाही. पण बसलेला पक्षी येतो. कोपर कशावर तरी टेकवा. लेन्सच्या बाजूचं, थरथर सावरणारं बटण चालू ठेवा, फक्त कॅमेरा ट्रायपॉडवर लावलात तर ते बंद करा. बाकी वापरायची पद्धत तुमचीच आहे. आधी बघायचं, श्वास सोडायचा, मग दाबायचं. आजोबांना मी तेवढंच शिकवलं.

दिवाळीत तुम्ही कंटाळा आला म्हणालात. तुम्ही म्हणालात म्हणून मी काही बोललो नाही. आता हे पत्र लिहून तुमचा शब्द मोडतो आहे, रागावू नका.

पुसट आलेले फोटोही पाठवा. तेही मला बघायचे आहेत.

चक्रवाक अजून गेले नसतील, सर.

तुमचा विद्यार्थी"